वारा, पतंग आणि सहकारी : अमडापूरच्या टेकडीवरचा एक हिवाळी दिवस

बुलढाणा जिल्ह्यातील माणूस आपले गाव सांगताना आधी घाट सांगतो. खामगाव, शेगाव, मलकापूर ही घाटाखालची गावे. बुलढाणा, चिखली, मेहकर घाटावरची. घाटाखाली उन्हाळा अंगाची लाही करतो, तर घाटावर हिवाळ्याची पहाट हाडांपर्यंत पोहोचते. चिखलीहून खामगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर, घाटावरच्या या पठारावर, चिखली तालुक्यातील अमडापूर वसलेले आहे. गावाजवळची टेकडी आणि तिच्यावरचे बल्लाळी देवीचे स्थान ही त्याची ओळख. नवरात्रात येथे भाविकांची रीघ लागते. मात्र वाचकहो, मी आपणांस येथे बोलावतो आहे ते पौष महिन्यात. त्या दिवसांत सोयाबीन कधीच घरात आलेले असते, तूर काढणीला आलेली असते, हरभरा घाट्यांवर असतो आणि पठारावरून वाहणाऱ्या वाऱ्याला अडवायला फारसे काही नसते.

निमित्त आहे सहलीचे. आणि तीही कुटुंबाच्या नव्हे, कचेरीच्या. पूर्वी ‘सहल’ म्हटले की शाळेची एवढाच अर्थ होता. आता बँकांच्या शाखा, पतसंस्था, विमा कार्यालये, औषध वितरक, खाजगी शाळांचे शिक्षक असे सारेच वर्षातून एक दिवस एकत्र बाहेर पडू लागले आहेत. मोठ्या शहरांतील कंपन्या त्यासाठी रिसॉर्ट घेतात, व्यावसायिक प्रशिक्षक बोलावतात. तालुक्याच्या गावी एवढा खर्च परवडत नाही, आणि खरे सांगायचे तर त्याची गरजही नाही. पुष्कळदा असा दिवस पोटभर जेवण, लांबलचक भाषणे आणि परतीच्या गाडीतील डुलक्या यांतच संपतो. सर्वसाधारण व्यवसाय करणारा डॉक्टर म्हणून मला या दिवसाविषयी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. नीट आखला तर हा दिवस औषधाच्या चिठ्ठीपेक्षा अधिक काम करतो. आणि निष्काळजीपणे आखला तर एखाद्याच्या जिवावर बेततो.

वाऱ्याचे खेळ जगभर हिवाळ्यात रंगतात. नॉर्वेतील हार्डांगरविडा नावाच्या विस्तीर्ण पठारावर बर्फ साचले की माणसे पायांना स्की बांधतात, हातात मोठा पतंग धरतात आणि वाऱ्याला ओढायला सांगून बर्फावरून धावत सुटतात. हॉलंडमध्ये सरोवरे गोठली की शिडे लावलेल्या घसरगाड्या बर्फावर उतरतात; अमेरिकेतील हडसन नदीवरही या गाड्यांची जुनी परंपरा आहे. आपल्याकडे बर्फ नाही, पण वारा आहे. पावसाळा सरला की मुंबईच्या समुद्रात शिडाच्या नौकांचा हंगाम सुरू होतो आणि पुण्याजवळ कामशेतच्या डोंगरांवरून पॅराग्लायडिंग करणारे आकाशात झेपावतात. या साऱ्या कुळातील सर्वांत साधा, सर्वांत स्वस्त आणि आबालवृद्धांना जमणारा सदस्य म्हणजे आपला कागदी पतंग. नाशिक जिल्ह्यातील येवला गाव संक्रांतीला तीन दिवस पतंगात न्हाऊन निघते, अहमदाबादेत १९८९ पासून आंतरराष्ट्रीय पतंग महोत्सव भरतो, आणि आपल्या विदर्भात ‘ओ काट’ची आरोळी ऐकल्याशिवाय संक्रांत आल्यासारखी वाटतच नाही. कचेरीच्या एका दिवसासाठी याहून चांगला खेळ मला तरी सुचत नाही.

त्याचे कारण या खेळाच्या रचनेतच आहे. पतंग एकट्याने उडवता येतो, पण चांगला उडतो तो दोघांनी. एकाच्या हाती दोर, दुसऱ्याच्या हाती चक्री. चक्री धरणाऱ्याने वेळेवर ढील दिली नाही तर उडवणाऱ्याचे कौशल्य व्यर्थ. त्याने वेळेवर गुंडाळले नाही तर दोऱ्याचा गुंता पायात. शिवाय या खेळात कचेरीतला हुद्दा कामास येत नाही. कन्नी कशी बांधावी, कागदाला कोणत्या बाजूने किंचित वाकवावे, पतंग गोता खाऊ लागला की दोर ओढायचा की सोडायचा, हे शाखाधिकाऱ्यापेक्षा शिपायाला अधिक ठाऊक असण्याची शक्यता मोठी. ‘साहेब, ढील द्या ढील!’ असे साहेबांना ओरडून सांगण्याची संधी वर्षभरात दुसरी कुठे मिळणार? माझ्याकडे डोकेदुखी, अपचन, निद्रानाश घेऊन येणाऱ्या नोकरदारांशी जरा वेळ बोलले की कळते, अनेकांच्या दुखण्याचे एक मूळ कामाच्या ढिगात नसून शेजारच्या टेबलाशी महिनोन्‌महिने न झालेल्या मोकळ्या बोलण्यात असते. एका दिवसाने ते सारे सुटत नाही; पण एका चक्रीवर दोघांचे हात पडले की बोलायला विषय मिळतो.

आता वाऱ्याकडे वळू. हिवाळ्यात पठारावर पहाटे वारा जवळजवळ नसतोच. रात्री जमीन निवते, तिला लागून असलेली थंड हवा जड होऊन तळाशी बसते आणि वरच्या वाहत्या हवेशी तिचा संबंध तुटतो. म्हणून गावातल्या चुलींचा धूर सकाळी छपरांवरच पसरून राहतो. ऊन तापू लागले की जमिनीलगतची हवा वर उठते, वरची वाहती हवा खाली येते आणि साधारण नऊ-दहाच्या सुमारास तो धूर तिरपा होऊ लागतो. तेव्हा वारा जागा झाला असे समजावे. सूर्य कलला की तो पुन्हा मंदावतो. म्हणून पहाटे पाचला गाडी काढून सर्वांना कुडकुडत नेण्यात काही शहाणपण नाही. न्याहारी करून आठनंतर निघावे. पतंगाला वारा आणि शरीराला ऊब, दोन्ही एकाच वेळी भेटतात.

वाऱ्याचा जोर ओळखायला यंत्र लागत नाही. ब्रिटिश आरमारातील फ्रान्सिस ब्यूफोर्ट याने १८०५ मध्ये डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांवरून वाऱ्याची प्रतवारी ठरवली. तीच पुढे जमिनीवरच्या खुणांना लावली गेली. चेहऱ्याला वारा जाणवतो आणि झाडाची पाने सळसळतात तेव्हा त्याचा वेग ताशी ६ ते ११ किलोमीटर असतो. पाने आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतील, हलके निशाण फडफडत असेल तर १२ ते १९. धूळ आणि सुटे कागद उडू लागले, लहान फांद्या हलू लागल्या की २० ते २८. यांतील पहिल्या दोन पायऱ्या नवशिक्यांच्या. तिसरी जाणत्यांची, तीत कागद फाटतो, दोरा बोटांत रुततो आणि धुळीने दम्याच्या रुग्णांचे हाल होतात. धूळ उडू लागली की खेळ थांबवून जेवणाकडे वळावे. मंदिरावरचा ध्वज आणि पायथ्याचे कडुनिंब एवढी दोन साधने पुरेत.

टेकडी दिसली की माथ्यावरूनच पतंग उडवावा असे वाटते. ते टाळावे. माथ्यावर वारा जोराचा असतो आणि टेकडीच्या आडोशाच्या बाजूस त्याचे भोवरे पडतात. तेथे पतंग वर चढण्याऐवजी गरगरतो. शिवाय नजर आकाशात आणि पाय उतारावर, ही जोडी हाडांच्या डॉक्टरांना काम देणारी आहे. संक्रांतीच्या दिवसांत गच्चीवरून पडून जखमी होणाऱ्यांच्या बातम्या दर वर्षी येतात, त्यामागे हेच कारण असते. देवीचे स्थान हे दर्शनाचे ठिकाण आहे. तेथे पायी जावे, वाऱ्यात उभे राहून पठार पाहावे आणि खेळासाठी खाली सपाट, मोकळ्या जागेत यावे. पीक निघालेले शेत सर्वांत उत्तम. मात्र शेतमालकाची परवानगी आधी घ्यावी, देवस्थानाच्या आवारात काही करायचे असल्यास तेथील व्यवस्थापनाला विचारावे आणि शेजारी हरभरा किंवा गहू उभा असेल तर कटलेल्या पतंगामागे कोणी धावणार नाही अशी ताकीद द्यावी. दोन रुपयांच्या कागदासाठी कुणाच्या हंगामावर पाय पडता कामा नये.

दिशेचा विचार आणखी महत्त्वाचा. हिवाळ्यात आपल्याकडे वारा बहुधा पूर्व-ईशान्येकडून येतो, म्हणजे पतंग पश्चिम-नैर्ऋत्येकडे जातो. सकाळी सूर्य आग्नेयेला असतो, त्यामुळे तो डाव्या खांद्याकडे राहतो. दुपारी दोननंतर मात्र सूर्यही नैर्ऋत्येला सरकतो आणि पतंग पाहताना थेट त्याच्याकडे पाहिले जाते. सूर्याकडे टक लावून पाहिल्याने डोळ्याच्या पडद्याला कायमची इजा होऊ शकते आणि त्या वेळी वेदना मुळीच होत नाहीत. म्हणून खेळाची वेळ सकाळी साडेनऊ ते साडेबारा अशी ठेवावी. हीच दिशा आणखी एका कारणासाठी पाहावी : पतंगाच्या पुढे, वाऱ्याच्या वाटेवर, वाहता रस्ता किंवा विजेच्या तारा नकोत. कटलेला पतंग दोऱ्यासह तेथेच जाऊन पडणार असतो.

येथे मी जरा कठोर बोलणार आहे. नायलॉनचा मांजा आपल्या दिवसात कुठेही, कुणाच्याही पिशवीत नसावा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये या मांजाच्या उत्पादनावर, साठ्यावर, विक्रीवर आणि वापरावर देशभर बंदी घातली. तरीही तो चोरून विकला जातो आणि दर संक्रांतीला गळे कापल्याच्या बातम्या छापून येतात. हे कसे घडते ते समजून घ्या. सुती दोरा ताण वाढला की तुटतो. नायलॉन तुटत नाही, आधी ताणला जातो. त्यावर काचेची भुकटी असेल तर तो करवतीसारखा चालतो. दुचाकी ताशी चाळीस किलोमीटरने जात असेल तर दर सेकंदाला ती अकरा मीटर पुढे सरकते. रस्त्यावर आडवा लोंबणारा दोरा चालकाला दिसण्याआधीच त्याच्या गळ्याशी पोहोचलेला असतो. मानेत त्वचेखाली फार थोड्या अंतरावर मोठ्या रक्तवाहिन्या आणि श्वासनलिका आहेत. ज्याने तो पतंग उडवला त्याला या चालकाचे नावही कधी कळत नाही. धातूची भुकटी लावलेला मांजा तर वीजवाहकही असतो. तो तारेला लागला की झटका थेट हातात येतो. पक्ष्यांचे हाल वेगळेच. पहाटे घरट्यातून निघताना आणि सायंकाळी परतताना त्यांचे थवे खालून उडतात, त्यांना हा दोरा दिसत नाही. आपण साडेनऊच्या आधी आणि दुपारनंतर खेळ ठेवत नाही, त्याचा त्यांनाही लाभ होतो.

म्हणून नियम असा करा : दोरा केवळ साधा, सुती, काच न लावलेला. पतंग कागदाचा, प्लॅस्टिकचा नको. आणि काटाकाटी नाही. ‘काटाकाटी नसेल तर मजा काय?’ असे तरुण मंडळी विचारतील. त्यांना वेगळ्या स्पर्धा द्या. कोणत्या जोडीचा पतंग सर्वांत अधिक वेळ आकाशात राहतो? कोणती जोडी पतंग खाली न पडू देता दोर एकमेकांच्या हाती सोपवू शकते? स्वतः कामटी तासून, कागद चिकटवून केलेला कुणाचा पतंग उडतो? यांतील दुसरी स्पर्धा करून पाहाच. उडत्या पतंगाचा ताण एका हातातून दुसऱ्या हाती देणे हे कचेरीतील कोणत्याही कामाच्या हस्तांतरणापेक्षा अवघड आहे, आणि त्यात घाई करणारा लगेच उघडा पडतो. दर पंधरा मिनिटांनी जोडीतील भूमिका बदलाव्यात. येथे एक गोष्ट जाणीवपूर्वक पाहावी. आपल्या घरांत मुलगा पतंग उडवतो आणि बहीण चक्री धरते. ही सवय कचेरीतही पाठोपाठ येते. चिठ्ठ्या टाकून जोड्या पाडाव्यात आणि पहिला दोर स्त्री-सहकाऱ्यांच्या हाती द्यावा.

आता प्रकृतीचा प्रश्न. सहलीला येणाऱ्यांत पंचविशीतले असतात तसे निवृत्तीला टेकलेलेही असतात. वर्षभर खुर्चीत बसलेले शरीर एका सकाळी टेकडी चढायला लावले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम सांगितला आहे. आपल्यापैकी किती जण तो करतात हे ज्याने त्याने मनाशी मोजावे. त्यात थंडी. थंड हवेत त्वचेकडील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो, हृदयाचे काम वाढते. हृदयविकाराचे झटके हिवाळ्यात अधिक येतात त्यामागील हे एक कारण. भरल्या पोटी, थंडीत, सवय नसताना चढ चढणे हे तिन्ही एकत्र आले की धोका वाढतो.

पण खरा धोका मला थंडीचा वाटत नाही. तो लाजेचा वाटतो. घरच्यांबरोबर चालताना माणूस ‘जरा थांबा’ म्हणतो. सहकाऱ्यांबरोबर, विशेषतः वरिष्ठांसमोर, तो म्हणत नाही. छातीत आवळल्यासारखे होत असतानाही तो बुटाची नाडी बांधण्याचे निमित्त करून थांबतो आणि पुन्हा चालू लागतो. आपल्याला स्टेंट बसवला आहे, मधुमेह आहे, फिट येते, हे पुष्कळांनी कचेरीत सांगितलेले नसते. बढती अडेल, लोक कीव करतील, अशी भीती असते. दवाखान्यात अशी माणसे मी नेहमी पाहतो. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आयोजकाने अशी व्यवस्था करावी की न सांगताही त्यांची सोय व्हावी. टेकडी चढणे सर्वांसाठी ऐच्छिक ठेवा आणि खाली थांबणाऱ्यांना काम द्या. पतंगांना कन्नी बांधणे, दोरे तपासणे, जेवणाची तयारी अशी कामे पुष्कळ आहेत. मग खाली थांबण्याचे कारण कुणाला द्यावे लागत नाही. चढताना ‘कोण आधी पोहोचते’ ही शर्यत मुळीच नको. सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवावे, म्हणजे त्याला कुणाची गती गाठावी लागत नाही. चालताना पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर गती योग्य. दोन शब्दांवर श्वास तुटत असेल तर थांबावे. छातीत जडपणा, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणे, थंडीतही घाम फुटणे, एकाएकी गरगरणे यांपैकी काहीही झाले तर ‘गॅस असेल’ असे म्हणून चालत राहू नये आणि सोडा पाजून वेळही घालवू नये. बसवावे, चालू देऊ नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी न्याहारी टाळू नये. जेवण लांबले आणि चालणे वाढले की साखर खाली येते. हात थरथरणे, घाम, चिडचिड, बोलण्यात गोंधळ ही तिची लक्षणे. त्या वेळी साखर किंवा गुळाचे पाणी द्यावे. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नये. मधुमेहींनी चप्पल न घालता ढेकळांतून किंवा तुरीच्या खुंटांतून फिरू नये. पायाची जखम त्यांना उशिरा कळते. दम्याच्या रुग्णाचा पंप गाडीत नव्हे, खिशात हवा. हिवाळ्यात तहान कमी लागते म्हणून पाणी कमी प्यायले जाते, आणि शेतात शौचालय नाही म्हणून स्त्रिया तर मुद्दाम पीत नाहीत. शौचालयाची सोय कुठे आहे हे आयोजकाने आदल्या आठवड्यात पाहून ठेवावे आणि सर्वांना स्पष्ट सांगावे. हा लहानसा वाटणारा मुद्दा अनेक स्त्रियांसाठी सहलीला यायचे की नाही हे ठरवणारा असतो.

मान वर करून तासभर पाहिल्याने मानेचे स्नायू आखडतात. चाळिशीपुढील मंडळींना चक्करही येऊ शकते. पतंग दूर, डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडाच वर असेल असा उडवावा आणि पंधरा मिनिटांनी दोर जोडीदाराच्या हाती द्यावा. बोटांना चिकटपट्टी गुंडाळावी. टोपी आणि साधा गॉगल असावा. बोट कापलेच तर वाहत्या पाण्याखाली धुवावे, स्वच्छ कापडाने दहा मिनिटे न सोडता दाबून धरावे. दर मिनिटाला उघडून ‘थांबले का’ पाहू नये. धनुर्वाताची लस केव्हा घेतली होती हे आठवत नसेल तर डॉक्टरांना दाखवावे. जाता-येता रस्त्यात कुणाचा गळा कापलेला दिसला तर जखमेवर स्वच्छ कापड ठेवून तळहाताने घट्ट दाब द्यावा, मानेभोवती काहीही आवळून बांधू नये, जखमेत अडकलेला दोरा ओढून काढू नये, आणि दाब न काढता रुग्णालय गाठावे. आपण स्वतः दुचाकीने येणार असाल तर त्या दिवसांत गळ्याला जाड मफलर आणि डोक्याला हेल्मेट घाला. तारेत अडकलेला पतंग काठीने, पाइपने वा झाडावर चढून काढू नये. तो तेथेच राहू द्यावा.

जेवणासाठी मी रोडग्यांची शिफारस करीन. वऱ्हाडात शेतातली पंगत म्हटली की रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण. जाडसर गव्हाच्या पिठाचे हे गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजतात. यातही एकट्याचे काम नाही : कुणी पीठ मळतो, कुणी गोवऱ्या रचतो, कुणी राख झटकतो. वांगी चिरताना झालेली ओळख पुढे वर्षभर टिकते. दोन दक्षता मात्र घ्याव्यात. विस्तव वाऱ्याच्या आडोशाला, वाळलेल्या गवतापासून आणि कडब्यापासून दूर पेटवावा आणि निघताना पाणी घालून पूर्ण विझवावा. दुसरे असे की आसपासच्या उंच झाडांवर किंवा कड्याला आग्या मोहोळ नाही हे आधी पाहावे. धुराने मधमाश्या उठतात. माश्या उठल्याच तर तोंड-डोके कपड्याने झाकून दूर पळावे, हात हलवत उभे राहू नये. दंशानंतर अंगभर गांधी, ओठ सुजणे किंवा श्वास लागणे दिसले तर क्षणाचाही विलंब नको.

रोडगा तुपात बुडवून खाण्याची रीत आहे. कष्टकऱ्याच्या शरीराला ते पचते. टेबलावर काम करणाऱ्याने एका रोडग्यावर चमचाभर तूप पुरे मानावे. तिळगुळाचेही तसेच. तिळात कॅल्शियम, स्निग्धांश आणि थोडे लोह आहे. थंडीत ते अंगाला मानवते. पण लाडू हा शेवटी लाडूच. एक घ्यावा आणि गोड बोलावे. पंगतीत वरिष्ठांनी वाढावे आणि शेवटी बसावे. जेवणानंतर भाषण ठेवायचेच असेल तर ते पाच मिनिटांत आटपावे; दुपारच्या उन्हात पोट भरलेल्या माणसाला उद्दिष्टे ऐकवणे हा रक्तदाब वाढवण्याचाच एक प्रकार आहे.

तारीख ठरवताना १२ जानेवारी टाळावी. त्या दिवशी जिल्ह्यातील सिंदखेडराजा येथे जिजाऊ जन्मोत्सवासाठी फार मोठा जनसमुदाय लोटतो आणि रस्ते गाड्यांनी भरतात. संक्रांतीचा दिवसही घरच्यांसाठी सोडावा. त्यानंतरचा रविवार चांगला. मात्र हा एक रविवार आपण लोकांच्या कुटुंबांकडून मागून घेत आहोत याचे भान ठेवावे. शक्य असेल तर कामाचाच दिवस द्यावा, नाहीतर घरच्यांनाही बोलवावे. मुलांना आपली आई कचेरीत कोणाबरोबर काम करते हे कळते, आणि वडिलांचे ‘साहेब’ पतंग उडवताना कसे दिसतात हेही. लहान मुलांच्या हाती दोर देताना शेजारी मोठे माणूस असावे.

निघण्यापूर्वी अर्धा तास राखून ठेवा. प्रत्येक जोडीने आपली चक्री परत द्यावी, जमिनीवर पडलेला दोरा गुंडाळून घ्यावा, बाभळीत अडकलेले तुकडे हाताला लागतील तेवढे काढावेत. सुती असला तरी तो पक्ष्याच्या पायात आणि गुरांच्या पोटात जाऊ शकतो. ज्या शेतकऱ्याने जागा दिली त्याला शेत होते तसे परत मिळाले पाहिजे. पुढच्या वर्षी त्याने आपल्याला पुन्हा बोलवावे अशी इच्छा असेल तर हा अर्धा तास सर्वांत मोलाचा. तोवर वारा पडलेला असतो, अमडापुरात चुली पेटू लागतात आणि धूर पुन्हा छपरांवर पसरू लागतो. थंडी उतरण्याआधी, उजेड आहे तोवर, गाड्या चिखलीच्या किंवा खामगावच्या रस्त्याला लागाव्यात. आणि सोमवारी कुणा सहकाऱ्याने ‘काल चढताना जरा छातीत भरून आले होते’ असे सहज म्हटले, तर ते हसण्यावारी नेऊ नका. त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवा. जमल्यास त्याच्या चक्रीच्या जोडीदाराला सोबत द्या.